बस्ता बांधला, बंदर राहिलं

खान्देशातल्या माणसाची सुरत दोनच कामांची. लग्नाचा बस्ता बांधायचा, नाही तर पोट भरायचं. बस्त्याला गेलेली मंडळी बॉम्बे मार्केट आणि रिंग रोड पालथा घालतात. नवरीचा शालू, मानपानाच्या साड्या, आहेराचे कपडे घेतात, गाठोडी बसच्या टपावर चढवतात आणि रातोरात परत फिरतात. पोट भरायला गेलेल्यांचं आयुष्य उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या चार नावांत सरतं. दोघांनाही विचारा, तापीकाठचा किल्ला पाहिला का? सुवाळीला गेला होता का? उत्तर ठरलेलं: "वेळच नाही मिळाला भाऊ."

वेळ शंभर-सव्वाशे वर्षांत मिळाला नाही. म्हणून आज स्पष्ट लिहितो. सुरत हे खान्देशचं बंदर आहे. मुंबईच्या आधीपासूनचं आणि नदीच्या नात्याने अधिक जवळचं. ते बंदर म्हणून बघायला आपण जातच नाही, आणि याची आपल्याला लाज वाटायला हवी.

खान्देशी माणूस बंदरं बघत नाही असंही नाही. डिसेंबर आला की जळगावच्या सोसायट्यांतून गोव्याच्या गाड्या निघतात. धुळ्यातली सुखवस्तू कुटुंबं नाताळाच्या सुट्टीत फोर्ट कोचीला जातात, चिनी जाळ्यांपुढे उभं राहून फोटो काढतात, डच वाड्यांच्या भिंतींवरून हात फिरवतात. जरूर जावं. पण कोचीच्या त्या डच अमलातला एक मोठा अधिकारी, हेंड्रिक व्हान ऱ्हीड, ज्याने मलबारच्या वनस्पतींवरचा 'हॉर्टस मलाबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला, तो पुरला आहे सुरतेत. १६९१ मध्ये सुरतेला येत असताना वाटेत तो वारला. त्याची घुमटाची भव्य कबर कतारगाम दरवाजाजवळच्या डच कबरस्तानात उभी आहे. नंदुरबारहून सकाळी गाडीत बसलेला माणूस दुपारच्या आत तिथे पोचतो. डच खुणा बघायला हजाराहून अधिक किलोमीटर विमानाने जायचं आणि घराजवळचं सोडायचं, हे कुठलं शहाणपण?

आता आपला हक्क सांगतो, म्हणजे उगाच बढाई वाटायला नको.

इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या ऑक्टोबरअखेर सुरतेहून निघाला तो बुऱ्हाणपूरला, शहजादा परवेझला भेटायला. कुठल्या वाटेने गेला? व्यारा, नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर. ही नावं आज एसटीच्या पाट्यांवर वाचतो आपण. सुरत ते आग्रा हा त्या काळातला हिंदुस्थानातला अत्यंत वर्दळीचा व्यापारी रस्ता, आणि त्याचा मोठा तुकडा आपल्या शिवारातून जायचा. तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात याच बाजूने फिरला. बुऱ्हाणपूरचं तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, थेट पोलंड आणि रशियापर्यंत जातं, असं त्याने लिहून ठेवलं. ते कापड बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून खान्देश ओलांडायचं तेव्हा सुरतेचं बंदर गाठायचं. वाटेत जकाती, सराया, पाण्याच्या विहिरी, चोरांची भीती आणि राखणीचे पैसे. थाळनेरचा पडका किल्ला आज शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर उभा आहे. तिथला उतार ज्याच्या हातात, त्याच्या हातात या रस्त्याची नाडी.

इंग्रजांनी नंदुरबारला आणि धरणगावला वखारी घातल्या त्या काय हवा खायला? इथलं कापड इथेच विकत घ्यायचं, गठ्ठे बांधायचे आणि सुरतेला लावून द्यायचे, हा धंदा होता. १६७५ मध्ये मराठ्यांच्या फौजेने धरणगावची वखार लुटली तेव्हा नुकसानभरपाई मागायला इंग्रजांचा माणूस शिवाजी महाराजांकडे गेला होता. पुढे १६७९ मध्ये पुन्हा धरणगाव, चोपडा. आपल्या शाळांतून सुरतेची लूट शिकवतात, परीक्षेला सन विचारतात. पण हीच साखळी धरणगावपर्यंत येते, हे धरणगावच्या किती पोरांना कुणी सांगितलं? धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळासारखी १९२७ पासूनची संस्था आहे. कागद वाचणारी माणसं खान्देशात होती आणि आहेत. वाचलेलं वर्गापर्यंत नेणारे कमी पडले, हे माझं म्हणणं.

लुटीचंही अर्धंच शिकवतात. ६ जानेवारी १६६४ ला महाराज सुरतेवर आले. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि शहर वाऱ्यावर सोडलं. विरजी व्होरासारख्या कुबेराचा वाडा रिता झाला. पण मोहनदास पारेख या डचांच्या दलालाचं घर वाचलं, कारण तो दानधर्म करणारा म्हणून ओळखला जायचा. फ्रेंच प्रवासी बर्निये याने हे नोंदवलं आहे. आणि इंग्रजांची वखार ज्याने लढवली तो सर जॉर्ज ऑक्झेंडन पाच वर्षांनी, १६६९ मध्ये, सुरतेतच मेला. कतारगामच्या इंग्रजी कबरस्तानात त्याची आणि त्याचा भाऊ क्रिस्टोफरची दुमजली, घुमटाची कबर आहे. बघायला गेलो तेव्हा त्या घुमटाखाली उभं राहून पहिला विचार आला तो त्यांच्या पैशाचा. व्यापाऱ्यांच्या कबरी आहेत या, राजांच्या नव्हेत. मोगलांच्या थाटाची बरोबरी करायची हौस त्यांना मेल्यावरही होती. तो पैसा कुठून आला? ज्या कापडाच्या नफ्यावर हे घुमट चढले, त्यात खान्देशच्या मागावरचं कापडही होतं. तिथल्या पाटीवर पुरातत्त्व खात्याचा संरक्षित स्मारकाचा मजकूर आहे, वर्षं आहेत. विणणाऱ्यांचा उल्लेख नाही. तो असावा, ही मागणी आपण करायची; दुसरं कोण करणार?

आता सणाच्या महिन्याबद्दल. सुरत बघायची तर श्रावणात बघा, असं मी सगळ्यांना सांगतो. लोक म्हणतात पावसात कशाला, थंडीत जाऊ, उंधियू आणि पोंक खाऊ. थंडीतही जा. पण श्रावणात हे शहर आपली सगळी माणसं एकदम दाखवतं. राखीच्या पौर्णिमेला किनाऱ्यावरचे लोक दर्याला नारळ देतात. गुजराती घरांत रांधण छठला रांधून ठेवायचं आणि शीतळा सातमला चूल न पेटवता गार खायचं. ऑगस्टच्या मध्याला पारश्यांचं नवं वर्ष येतं. मुंबईची गोदी ज्याने नावारूपाला आणली तो पारशी लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहूनच मुंबईला गेला होता. आणि या सगळ्यात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, सुरतेच्या पूर्वेकडच्या अख्ख्या वस्त्यांत कानबाई बसते.

कानबाई खान्देशाबाहेरच्या वाचकाला सांगावी लागेल. आमच्या घराघरातली आई ती. शनिवारी रोटाची तयारी. घरात जेवढे पुरुष, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू आणि चण्याची डाळ. हे दळण वेगळं. गिरणीवाला त्या दिवशी आधी गिरणी स्वच्छ करतो, मग रोटाचं दळण घेतो. नारळाला नाक-डोळे, नथ, साडी-चोळी, दागिने. चौरंगाला केळीचे खांब. पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. रोट भाऊबंदकीनेच खायचा. रात्रभर अहिराणी गाणी, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन.

लिंबायतमध्ये एका घरी मी हे पाहिलं. दहा बाय बाराची खोली, वर पत्रे, पत्र्यावर पावसाचा मार. एका कोपऱ्यात जॉबवर्कच्या साड्यांचे गठ्ठे. लेस आणि टिकल्या लावून द्यायच्या असतात, नगावर पैसे मिळतात. त्या दिवशी गठ्ठ्यांवर चादर घातलेली. उरलेल्या जागेत चौरंग. कानबाईला नेसवलेली साडी कारखान्यातून कटपीस म्हणून आलेली, पण तिला काठ असा जोडला होता की मूळचाच वाटावा. मी त्या घरच्या आजीबाईंना विचारलं, गावाला नाही का गेलात रोटाला? त्या म्हणाल्या, "आते गावमा कोन ऱ्हायनं भाऊ? समदी भाऊबंदकी आठेच शे." गाव शिंदखेडा तालुक्यातलं. घराला कुलूप. पूर्वी सुरतेची माणसं रोट खायला गाडी धरून गावाकडे यायची. अजूनही पुष्कळ येतात. पण काही घरांत आता रोटच सुरतेचा झाला आहे.

सुरतेचं बंदर का ओसरलं आणि आपली माणसं तिथे का गेली, तेही सरळ बोलू. तापी गाळाने भरत गेली. मोठी जहाजं शहरापर्यंत येईनात. ती मुखाबाहेर सुवाळीच्या खोल पाण्यात नांगर टाकायची. १६१२ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांना आरमारी लढाईत हरवलं ते याच सुवाळीजवळ. १६८७ मध्ये कंपनीने मुख्य ठाणं मुंबईला हलवलं. १८३७ ची आग आणि त्याच वर्षीचा पूर यांनी जुन्या शहराचं कंबरडं मोडलं. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली आणि खान्देशच्या कापसाने तोंड फिरवलं मुंबईकडे. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आलेला, त्याच सुमाराची ही गोष्ट. पुढे १९०० च्या आसपास तापी व्हॅली रेल्वे झाली आणि सुरतेचा रस्ता परत उघडला.

मग विसाव्या शतकात जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथल्या कापड गिरण्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. जळगावच्या खान्देश मिलच्या जागेवर आज खान्देश सेंट्रल मॉल आहे. कापूस आपला, गिरणी आपल्या दारात, कामगार आपला. तरी कापड विणायला माणूस गेला सुरतेच्या लूमवर. बारा-बारा तासांची पाळी, कानाचे पडदे फाडणारा आवाज, नगावर पगार. खान्देशच्या पुढाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. वस्त्रोद्योग पार्कच्या घोषणा किती निवडणुका ऐकायच्या? सूत गिरण्यांची भूमिपूजनं झाली, अध्यक्षपदं वाटली गेली, आणि पोरं नवापूर ओलांडून गेली.

नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधून राज्याची सीमा जाते, तशी त्यावर पाटीही रंगवली आहे. लोक त्यावर बसून हौसेने फोटो काढतात. पण त्याच फलाटावरून आपल्या तरुण पिढीचा केवढा भाग पलीकडे गेला, याचा हिशेब एकाही जिल्हा परिषदेने मांडलेला मी ऐकला नाही.

गेलेल्यांनी तिथे मान मिळवला, हेही तितक्याच ठामपणे सांगायचं आहे. नवसारीचे खासदार आणि केंद्रीय जलशक्ती मंत्री सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. परक्या राज्यातल्या महापालिकेने मराठी शाळा चालवाव्यात ही थोडी गोष्ट नाही. तिचे आभार मानलेच पाहिजेत. आणि त्या शाळांतल्या मास्तरांना विनंती आहे. तुमच्या वर्गात बसलेलं पोर साक्रीचं, पारोळ्याचं, एरंडोलचं असतं. त्याला एकदा चौक बाजारला न्या. गुजरातचा सुलतान महमूद तिसरा याच्या काळात खुदावंदखानाने पोर्तुगीजांच्या हल्ल्यांवर उपाय म्हणून सोळाव्या शतकाच्या मध्याला बांधलेला किल्ला आता डागडुजी करून संग्रहालय म्हणून उघडला आहे. त्याच्या बुरुजावरून समोरची नदी दाखवा आणि सांगा, ही तुझ्या गावावरून आली आहे.

तापीबद्दल हे सांगावंच लागतं, कारण सुरतेत तिला सुरतेचीच मानतात आणि जळगावात जळगावचीच. मुलताईला उगम, बुऱ्हाणपूर, मग आपलं चांगदेव, जिथे पूर्णा मिळते. हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, पुढे उकाई आणि सुरत. ७२४ किलोमीटर. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी भुसावळच्या वर्तमानपत्रात येते तेव्हा सुरतेतही ती लक्ष देऊन वाचावी लागते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडाली. तोही श्रावणच होता. त्या पुरात अडकलेल्यांत आपली माणसं किती होती हे खान्देशात घराघराला आठवतं. फोन लागत नव्हते आणि गावोगावी आया दारात बसून होत्या. एकाच नदीवरची दोन टोकं आहोत आपण. धरणाच्या पाण्याचं वेळापत्रक दोन राज्यांनी मिळून पाळायचं असतं, तसा इतिहासही मिळून सांभाळता येतो. सुरतेच्या किल्ल्यात खान्देशच्या रस्त्याचा एक नकाशा लागावा आणि धरणगावात वखारीची एक पाटी. दोन्हीला मिळून लाखभर रुपयेही लागणार नाहीत.

सुरतेतल्या खान्देशी मंडळांनाही सांगायचं आहे. कानबाईची मिरवणूक दरवर्षी मोठी होते आहे, डीजेचे खांब उंच होत आहेत, पुढाऱ्यांचे फलक कानबाईच्या चौरंगापेक्षा मोठे लागतात. फलकांचा खर्च निम्मा करा. उरलेल्या पैशांत गावाकडून रोटाला आलेल्या पाहुण्यांसाठी एक बस काढा. किल्ला, डच आणि इंग्रजी कबरस्तानं, गोपी तलाव, कवी नर्मदचं घर, मुघलसराय. ही मुघलसराय शहाजहानच्या काळात, १६४४ च्या सुमारास, यात्रेकरूंसाठी बांधली. हजला जाणारे इथे उतरायचे, जहाजाची वाट बघायचे. आज तिथे महापालिकेचं मुख्य कार्यालय आहे. जन्माचा दाखला नाही तर घरपट्टीचं काम घेऊन आपला माणूस तिथल्या रांगेत कैकदा उभा राहिला असेल. आपण कुठे उभे आहोत हे त्याला माहीत असायला हवं.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबारकडच्यांना रेल्वे सोयीची. २०१९ मध्ये उधना–जळगाव दुहेरी मार्गाचं लोकार्पण झालं, तेव्हापासून गाड्यांचा खोळंबा कमी झाला आहे. धुळे-साक्रीकडच्यांनी एसटी धरावी. पावसात कोंडाईबारीचा घाट हिरवागार असतो, पण रात्रीची गाडी टाळा. शुक्रवारी पोचा. शनिवारी सकाळी जुनं शहर पायी फिरा, लोचो आणि नानखटाई खा, संध्याकाळी रोटाच्या घरी जा. बस्त्याची खरेदी पुन्हा केव्हाही होईल.

आणि घरातल्या बायांचं बोलायचं राहू देणार नाही. सव्वा मूठ धान्य घेतात पुरुषांच्या नावाने. निवडणं, दळून आणणं, रांधणं, रात्र जागवून गाणी म्हणणं, सोमवारी चौरंग डोक्यावर घेणं हे सगळं बायांचं. लिंबायतच्या त्या घरातल्या आजीबाई सुरतेत येऊन जन्म गेला म्हणतात, आणि दर्या त्यांनी एकदाही पाहिलेला नाही. शहरापासून तो वीस-पंचवीस किलोमीटरवर आहे. त्यांची सून गठ्ठ्यांतून डोकं वर काढते ती सणालाच. तर मंडळांनी ती बस मंगळवारी काढावी, सकाळी लवकर, फक्त बायांसाठी, सुवाळीला. पोलिसांनी किनारा बंद ठेवलेला नाही एवढं आदल्या दिवशी विचारून घ्यावं, पावसाळ्यात पाण्यात कुणी उतरू नये. त्या दिवशी पोरांना सांभाळायचं आणि उरलेला रोट गरम करून वाढायचा, हे काम ज्यांच्या नावाने धान्य घेतलं त्यांनी करावं.